बाबांच्या मापाची सीट

आई,

त्या रविवारी बाबांनी जुन्या जपानी स्पोर्ट्स कारला कार्बोरेटर बसवला आणि तू खिडकीतून ओरडलीस, "अहो, माझ्या सवतीला सोडा आता, जेवण गार झालं!" सोमवारी उजाडलं तेव्हा बाबा नव्हते.

विकलेली गाडी गिऱ्हाईक न्यायला येण्याआधी एकदा फिरवून आणते. सावकाश चालवेन. सीट त्यांच्या मापानं मागेच आहे. माझे पाय पोचत नाहीत, पण ती पुढे ओढायला हात धजला नाही. म्हणून पाठीशी घ्यायला तुझी उशी नेतेय.

पोरीनं आपलं वेड उचललं, असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. आत्ताच गाडीत बसून मोठ्यानं म्हणून आले, "बाबा, मला गाड्या कधीच आवडल्या नाहीत. मी तुमच्याजवळ बसायला यायचे."