गुंडावरचं नाव

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी इंग्रजीत ‘कोणाचं’ शिकवलंत तो तास डोळ्यांसमोर आहे. टेबलावर आम्हा मुलांच्या वस्तू मांडल्या होत्या. एकेक उचलायची, ती कोणाची ते सांगायचं. नावाच्या डोक्यावर स्वल्पविराम, पुढे एस. माझं दप्तर भावाचं, फ्रॉक बहिणीचा, कंपास चुलतभावाचा. वाक्यं सगळी बरोबर आली. तुम्ही म्हणालात, "आता तुह्या सोताच्या वस्तूचं सांग." मी टेबलावर माझं काही सापडतंय का ते शोधू लागले. मागून कोणी ओरडलं, "बाई, तिचं फक्त नाक तिचं आहे!" वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तुम्ही तुमचा पितळी पेला माझ्या हातात दिलात. "हा तुहा. आता म्हन." मी म्हटलं.

पुढच्याच वर्षी लग्न झालं, शाळा सुटली. हाती लागेल ते वाचत गेले. इंग्रजी आधी मुलाच्या, मग नातीच्या पुस्तकांतून. घरातल्या प्रत्येक भांड्यावर यजमानांचं नाव आहे. ते गेल्यापासून घासताना माझं बोट त्या अक्षरांवरून जातं. तेवढंच.

आता नातीचं लग्न ठरलंय. माझ्या शिवणाच्या पैशातून मोताळ्याच्या बाजारात तिच्यासाठी पाण्याचा गुंड घेतला. नावं टाकणारा मशीन घेऊन बसलाच होता.

"आजी, कोनाचं नाव टाकू?"

मी बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबाचं टाक."

"पप्पा, घेतला तर आजीनं," नात म्हणाली.

"बाबा नाही राह्यले म्हनून त्यायचं नाव काढून टाकतं काय, आई?" त्याचंही चुकत नव्हतं.

मी म्हटलं, "त्यायचं घरभर आहे. या एकावर माह्यं राहू दे."

नातीनं इंग्रजीत टाकायला सांगितलं: माझं नाव, आणि पुढे गिफ्ट. मी गुंडावर बोटानं नावाच्या डोक्यावरचा स्वल्पविराम आणि एस काढून दाखवला. मशीनवाल्यानं माझ्या बोटाकडे पाहिलं. "हे वरतं टिंब कायले, आजी?"

"टाक बे. त्याच्याबिगर ते माह्यं होत नाही."

मशीन घरघरलं. मुलगा दुसरीकडे पाहत होता. पण गुंड गाडीपर्यंत त्यानंच उचलून नेला.

घरी येऊन तुमच्या पेल्यानं पाणी प्याले. बाई, त्यावर मी कधीच नाव टाकलं नाही. कोणी विचारलं, तर अजूनही तोंडातून ‘बाईंचा पेला’ असंच निघतं.