सर्व झाडांना एकेक मग

१२ नोव्हेंबर
आजपासून घरामागची बाग माझ्याकडे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चाळीस वर्षं फरशी कापून आप्पांच्या छातीत धूळ बसली आहे. ओली माती, वाकणं, उचलणं, सगळं बंद. बागेत राबले तर फार दिवस धरू नका, असंही म्हणाले.
नियम केला : आप्पांनी बागेत पाऊल टाकायचं नाही. खुरपं माझ्या कपाटात, किल्ली पर्समध्ये. आप्पा नुसतं बरं म्हणाले. इतक्या सहज ऐकतील असं वाटलं नव्हतं. शिक्षणाचा मान ठेवतात.

१४ नोव्हेंबर, सकाळी ६
धोरण ठरलं. आप्पा झाडाझाडांत भेदभाव करायचे. कुणाला दोन बादल्या, कुणाला ओंजळभर. कशावरून ठरवता विचारलं, तर म्हणे तोंडाकडे बघून. हा काय निकष झाला? मी राज्यशास्त्राची पदवीधर आहे, तीही घरातली पहिली. यापुढे सर्व झाडांना एकेक मग. पालकाला एक, लिंबाला एक, कोपऱ्यातल्या कोरफडीलाही एक.
आईने विचारलं, तुझ्या ऑफिसात साहेबाला आणि शिपायाला पगार सारखाच का गं? मी पुढचा मग भरला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२ डिसेंबर
मुळा दाटीने उगवला. पुस्तकात लिहिलंय, दुबळी रोपं उपटून टाका. पुस्तक मिटलं. दुबळ्यालाही जगायचा हक्क आहे. एकही उपटणार नाही.

५ डिसेंबर
चमत्कार! मुळ्यांनी आपापसात जागा करून घेतली. चार-चार बोटं अंतर, पट्टी लावून आखल्यासारखं. काही रोपं दिसत नाहीत. पक्ष्यांनी नेली असतील. मुद्दा असा की मोकळीक दिली की समाज स्वतःला शिस्त लावतो. यावर लेख लिहायचा. रविवारी नक्की.

१० जानेवारी
लेख राहिला, कारण बागेतून पाय निघत नाही. पालक हातभर. वाटाण्याला पांढरी फुलं, जणू शंभर फुलपाखरं एकदम टेकली. टोमॅटोने फांद्या लवल्या. सकाळी दव पडलं की कोबीच्या एकेका पानावर मोती, आणि मी घमेलं हातात घेऊन वेड्यासारखी उभी. आठला ऑफिसला जाते, सहाला येते, तेवढ्यात बाग आणखी वाढलेली!
आप्पा म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे हो. आई तोंडाला पदर लावून आत गेली. तिचं उलथनं वाकलंय. काय करते त्याचं कोण जाणे.
शेजारच्या काकूंना (मी त्यांना सीसीटीव्ही म्हणते, भिंतीवरून त्यांना सगळं दिसतं) बाग फार आवडते. दुपारी तर बघत राहावंसं वाटतं म्हणाल्या. दुपारीच का, ते विचारायचं राहिलं.

३ फेब्रुवारी
पाटी भरभरून टोमॅटो. काकूंना दिले, ऑफिसात दिले, आप्पांना तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनाही पिशवी नेली.
छाती आणखी बिघडली आहे म्हणाले. कळत नाही. पूर्ण विश्रांती चालू आहे. डॉक्टरांनी आप्पांच्या नखांकडे बघून विचारलं, ही माती कसली? मी सांगितलं, फरशीची धूळ असेल, जुनी. आप्पांनी जोरजोरात मान डोलावली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. टोमॅटो घेतले.

७ मार्च
अकरा वाजता ऑफिसात फोन. आप्पा बागेत पडले. काकूंनी भिंतीवरून पाहिलं.
हॉस्पिटल. ऑक्सिजन.
हातात आईचं उलथनं होतं म्हणे. खुरपं माझ्या कपाटात आहे, तेव्हा ते काम करत असणं शक्यच नाही. सहज फेरी मारायला गेले असतील. आई म्हणते, रोज जायचे. तू कोपऱ्यावर वळलीस की उठायचे, तू यायच्या आत पाय धुऊन बसायचे. आईला वाढवून सांगायची सवय आहे.

१९ मार्च
बाग जरा नरम. कोरफड सडली. टोमॅटो सुकले. लिंबाने फुलं टाकली. कारणं : एक, ऊन. दोन, बियाणं भेसळीचं. तीन, ऊन.
एकेक मग चालू आहे.

२ एप्रिल
सर्वांना दीड मग करून पाहिलं. फरक नाही. काकू म्हणाल्या, अगं, तोंडाकडे बघून घाल ना!
टोमॅटोच्या तोंडाकडे तासभर बघत उभी राहिले. काही दिसलं नाही.

२८ एप्रिल
बागेत आता काही नाही. आप्पा रोज विचारतात. मी सांगते, मस्त आहे. आज म्हणाले, काहीतरी आण की बघायला.

४ मे
मोठ्या दुकानातून, गार कपाटातून, हिरव्यागार वाटाण्याच्या शेंगा आणल्या. वर थोडी माती चोळली. आप्पांनी एक शेंग हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. मग म्हणाले, वा! मे महिन्यात वाटाणा! शिकलेल्या माणसाचं कामच वेगळं.
पूर्ण विश्वास बसला. त्यांना इतकं खूश कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

९ मे
पुन्हा नेल्या. या वेळी माती जास्त.

२० मे
आप्पा गेले. सकाळी सात वाजता.

६ जून
आज आईला विचारलं, वाटाणा कधी येतो? आई म्हणाली, थंडीत गं. मग तिनेच सांगितलं. वॉर्डात सहा जण, त्यातल्या चौघांनी जन्मभर भाजी पिकवलेली. आप्पांनी शेंगा सोलून सगळ्यांना वाटल्या, मुलीच्या बागेतल्या म्हणून. एक म्हातारा म्हणायला लागला, अहो, पण वाटाणा तर... आप्पांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने दाणे तोंडात टाकले. गोड आहे म्हणाला. मग चौघंही म्हणाले.
विचारलं, जीव धोक्यात घालून रोज का जायचे? आई म्हणाली, संध्याकाळी तू फाटकातून धावत बागेकडे जायचीस ना, ते बघायला.
दुपारी कागद आणायला डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, मातीपासून लांब राहिले असते तर दोन-तीन वर्षं सहज होती.
ती वर्षं आम्ही जानेवारीत खाल्ली. उरली ती मी शेजारीपाजारी वाटली.