अकरा देठं

भिवापूर, ता. ९ जानेवारी

चि. पायल,
अ. आ. व जय भीम.

तुझा फोन महिनाभर बंद, म्हणून सातवी शिकलेल्या आत्यावर लिहायची पाळी आली. तिकडं नागपूरले रूमवर पडून राहते, क्लासले जात नाही, अन् म्हणे डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या खाऊन राहिली. काहून वं? शेजारच्या भूमिकाच्या लग्नात चारचौघींत म्हटलं तेच लिहून राहिली, हे नखरे आहेत. गोळ्या फेक. एसटीसंग पाच किलो मिरची पाठवली, देठं तोडत बस. मी तीस वर्षं सातऱ्यावर, मिरची तोडायच्या अड्ड्यावर, हेच करून राहिली, मले काही झालं नाही.

लोभ आहेच, तिखट लागला तरी ठेव.
तुझी आत्या अंजना

नागपूर, ता. २० जानेवारी

आद. आत्या,
स. जय भीम, वि. वि.

मिरची मिळाली. तीन दिवस पिशवीकडं बघूनच रडू यायचं. चौथ्या दिवशी अकरा तोडल्या आणि झोपून गेले. खोटं वाटू नये म्हणून देठं सोबत पाठवते.

लग्नातलं तुझं बोलणं ऐकूनच फोन बंद केला होता. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस गोळ्याही सोडल्या, मग डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मनानं बंद करायच्या नाहीत. मेंदूचं कामही बिघडतं, आणि माणसं तुटली की ते आणखी बिघडतं. एकच कारण शोधू नकोस. इथं दिवसभर मला कोणी नावानं हाक मारत नाही, हेसुद्धा त्यांनी लिहून घेतलं. घरात आधी कोणाला असं झालं होतं का, विचारलं. बाबांना विचारायची हिंमत नाही. तू विचारशील? पुढची भेट तीस तारखेला आहे. एकटीनं जायला पाय उचलत नाही. बहुतेक जाणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
पायल

भिवापूर, ता. २५ जानेवारी

चि. पायल,
अ. आ. व जय भीम.

बळीरामले विचारायची गरज नव्हती, मी डोळ्यानं पाहिलं. तुझा बाप एकोणीस वर्षांचा असताना अख्खा हिवाळा भिंतीकडं तोंड करून पडला होता. आम्ही कामचोर म्हणत होतो. एका सकाळी मी त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं. उठला नाही, तसाच ओला पडून राहिला. मी विसरली होती. तो नाही विसरला. काल तुझं पत्र त्याले वाचून दाखवलं. मग म्हणे, पोरीले सांग, गोळ्या सोडू नको, मले कोणी दिल्या नव्हत्या.

सातऱ्यावर नव्या बाईच्या हाताची आग होते. जखम दिसत नाही, तरी तिले आम्ही नाटकी म्हणत नाही, तेल देतो. मग घरच्यालेच काहून म्हटलं? चुकलं माझं. लग्नातल्या त्याच बायकांले हे सांगून आली. दोघी तोंड पाहत राहिल्या, पाहू दे.

तीस तारखेले तुझा बाप अन् मी सकाळच्या एसटीनं येऊन राहिलो. मॅडमले तो स्वतः सांगणार आहे. मी खालूनच तुले नावानं हाक मारीन, गल्ली ऐकेल.

देठं आम्ही कचऱ्यात टाकतो. तुझी अकरा डब्यात ठेवली. उरलेली मिरची दोघी तोडू. नाही झालं त मी तोडीन, तू नुसती जवळ बस.

राग असला तरी लोभ सोडू नको.
तुझी आत्या अंजना