भिंत पलीकडं, पाणी अलीकडं

जुलै ९
भिंत त्यांच्या काठाला आणि पाणी माझ्या चुलीत. वर भिंतीचा साहेब म्हणतो, नुकसान कमी करायचा उपाय केलाय. कुणाचं रं कमी केलंस? वहीत जयभीम मागनं लिहीन, आधी हे.
आमची गल्ली नाल्याला लागून, वडगावात सगळ्यात खोलात. पाणी दरसाल येतं. पण आजवर दोन्ही काठांना वाटून यायचं. यंदा पलीकडच्या प्लॉटांच्या नव्या लेआऊटसाठी सिमेंटची भिंत झाली. तिकडची वाट बंद. मग सगळं आमच्यात. मांडीएवढं.
माग तेवढे वाचले. सूत माळ्यावर टाकलं, मोटरी सोडवून खाटेवर खाट रचून ठेवल्या, ताण्याचं सूत गुंडाळलेली बीमं दोरीनं तुळईला टांगली. मी आणि सून सुनंदा, दोघीच. ती हुंदके द्यायला लागली. म्हणले, रडायचं तर बीम बांधून झाल्यावर रड. आत्ता दोरी धर.

जुलै ११
पाणी उतरलं. चिखल उपसला. मागाचं लोखंड तेलाच्या फडक्यानं पुसलं, न्हायतर गंज धरतो. सारी गल्ली हेच करती. पंचनाम्याला माणसं येणार कळल्यावर शेजारच्या रखमाआक्कानं दारात रांगोळी बी घातली. दारात पाहुणा आणि घरात चिखल, हे आमच्यात चालत न्हाय.
पंचनाम्यावाला आला. चहा पिला. माग लखलखीत बघून म्हणाला, "सुरू हाय की. मग नुकसान काय?"
मी म्हणले, "कंबर. लिहा."
लिहिलं न्हाय.
भरपाईचं विचारलं तर कानडीत म्हणाला, "नोडोण." बघू म्हणं. ह्यांचं बघू म्हणजे न्हाय.

जुलै १४
आणि एक. भिंत घालताना काठावरच्या चिंचा पाडल्या. त्याच आमची माती धरून होत्या. आज कळलं, त्यांच्या बदल्यात रोपं लावलीत. कुठं? सांबऱ्याला, विमानतळाकडं. पर्यावरणाचं नुकसान भरून निघालं म्हणं. चिंच आमची, सावली विमानाला.
पाठ दुखती. मरू दे.

जुलै १९
नातू आलता. प्रकाश, सुनंदाचा पोरगा. भिंत बांधणाऱ्या हापिसात इंजिनेर हाय, पिरनवाडीला नवं घर केलंय. खायला गोड कुंदा आणलेला. मी विचारलं, भिंत त्याच काठाला का?
म्हणाला, "आज्जी, दोन्ही काठांना मंजुरी न्हवती. जिकडं नुकसान जास्त, तिकडं आधी. तुमच्या गल्लीत दरसाल नुकसान कमीच दिसतंय पंचनाम्यात."
"ठरवलं कुणी?"
कुंद्याचा पुडा पुढं सरकवत म्हणाला, "आराखडा माझाच हाय."
कानात शिसं ओतल्यागत झालं.
"पाणी आलं की तुला सुताच्या पोत्यात घालून माळ्यावर बसवत होतो रं. वरनं तू बघायचास, खाली तुझा बा बीमं टांगायचा. नुकसान कमी का दिसतं, तुला म्हाईत न्हवतं?"
"म्हाईत होतं. पण मला कागदावरचं धरावं लागतं. तुम्ही स्वतः इतकं सांभाळता म्हणूनच ह्या काठाला धोका कमी धरला."
म्हणजे आम्ही हुशार, म्हणून आम्हीच बुडायचं.
सुनंदा मध्ये पडली, "दमून आलाय, जेवू दे."
"जेवू दे की. कुंदा तेवढा परत ने म्हणावं."
जेवला न्हाय.

जुलै २६
निपाणीला जाऊन आले. भनीची लेक शोभा तिथं वकील हाय. तिच्या टेबलावर पुस्तकं बघून एकदा बरं वाटलं, मग बोलाय लागली तसं गेलं.
प्रकाश एक इंग्रजी शब्द सारखा म्हणतो, मिटिगेशन, तो तिला विचारला. ती म्हणाली, होणारं नुकसान आधीच कमी करणं. पुराला भिंत, तोडल्या झाडाला नवं झाड, सगळं त्यातच. आणि कोर्टात आणखी एक. ज्याचं नुकसान झालं त्यानं ते वाढू न देणं. हात बांधून बसलात तर जज म्हणतो, एवढं तुमचं तुम्हीच करून घेतलंय.
"म्हणजे टांगलं न्हाय तर दोष आमचा."
"व्हय मावशी."
"आणि टांगलं तर नुकसानच न्हाय."
शोभा हसली. मी न्हाय हसले.
केस उभी राहील म्हणाली. पण आराखडा कुणी केला, काय माहीत असून केला, हे येणार. प्रकाशचं नाव येणार. त्याच्या नोकरीवर येईल. "तुमचं तुम्ही ठरवा. त्याचं नाव टाळून लिहिलं तर अर्ज लंगडा होतोय."
बसमध्ये सगळी वाट खिडकीतनं बघितलं. काय बघितलं आठवत न्हाय.

जुलै २७
सुनंदाला सांगितलं. म्हणाली, "आत्या, वैर्‍याला बी असं करत न्हाईत."
म्हणले, वैर्‍यानं बी असं केलं न्हवतं.
दिवसभर बोलली न्हाय. भाकरी मात्र माझ्या वाटणीची थापली.

ऑगस्ट २
विहारात गल्ली जमली. सगळे माझ्यावरच. रखमा म्हणाली, तुझ्या नातवानंच गळा कापला. मी म्हणले, शाळेत पहिला आला तेव्हा पेढे खाताना आमचा प्रकाश म्हणत होतीस, तेव्हा न्हाय तुझा-माझा केलंस.
दत्तू तावात उठला. त्याचे माग सगळ्यात जास्त. "येत्या पाण्याला कुणी काही उचलायचं न्हाय. सूत भिजू दे, मोटरी जळू दे. दिसू दे एकदाचं." सगळ्यांनी हात वर केले. शोभाचं म्हणणं मी सांगितलं, कुणी ऐकलं न्हाय. मग मी बी हात वर केला. राग होता.

ऑगस्ट ७
पाणी परत चढलं. ठरल्याप्रमाणं खाटेवर बसून राहिले. सुनंदा दाराशी. पाणी उंबरा ओलांडून आत आलं, मागाच्या पायाला लागलं. मागावर अर्धं लुगडं विणलेलं, हिरवं. मी बघतेय, ती बघतेय.
तेवढ्यात शेजारच्या घरातनं दत्तूचा आवाज, "अगं दोरी कुठं हाय, दोरी!" सगळ्यात आधी त्या भाड्यानंच टांगलं!
मग काय. उठले. सुनंदानं दोरी आधीच हातात घेतलेली होती.
गल्लीत एकाचं बी सूत भिजलं न्हाय. ठरवून बुडायला आमच्यानं होत न्हाय.

ऑगस्ट ८
शोभाचा फोन. फोटो काढा आणि मग पुसा. गल्लीला तसंच सांगितलं. रांगोळी घालशील तर हात मोडीन, असं रखमाला वेगळं सांगितलं.
माझं घर पुसलं न्हाय. तेलाचं फडकं ट्रंकेत घालून कुलूप लावलं. सुनंदा म्हणाली, "आत्या, गंज चढंल." चढू दे. "कोर्टात आपल्यावरच येईल म्हणाली ना शोभाताई?" येऊ दे. हे कोर्टासाठी न्हाय.

ऑगस्ट १०
लोखंडावर तांबूस धरलंय. बोट लावलं की बोटाला येतं. सगळ्यात वाईट मधल्या मागाला. त्याच्याकडं पाठ करून बसते.
चिखलाला वास सुटला. सुनंदा भांडी अंगणात घासती.

ऑगस्ट ११
हापिसातनं निरोप. मोठे साहेब गल्लीत येणार. पडद्यावर चित्रं दाखवून उपाय समजावणार, अलीकडं वाळूची पोती रचणार, पंप देणार. प्रकाश त्या दिवशी रजेवर हाय म्हणं.
रजेवर!
शोभानं अर्ज तयार ठेवलाय. त्यात त्याचं नाव हाय. माझा अंगठा न्हाय, सही लागती, मला येती. अजून केली न्हाय.
सुनंदाला समोर बसवून फोन लावायला लावला. उचलला न्हाय त्यानं. मग म्हणले, तूच त्याची आई, तूच पिरनवाडीला जा आणि तोंडावर सांग. मोठा साहेब नको, पडदा नको, पोती नकोत. ज्यानं माळ्यावरनं बघितलंय त्यानं यावं. पायातलं काढून ह्या चिखलात उभं ऱ्हावं, भिंत त्याच काठाला का, गल्ली विचारील आणि त्यानं सांगावं, आपल्या भाषेत. तो बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं न्हाय. मी बी न्हाय. उत्तर प्रकाशनंच द्यायचं.