वरची पट्टी राहू दे

आमगाव, जि. गोंदिया
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय उमेंद्र,

ताईचे अनेक आशीर्वाद. डिंपल आणि बाळ सुखरूप आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. इथे दुकानात मान वर करायला फुरसत नाही. कचारगडच्या यात्रेचे बॅनर आणि लग्नपत्रिका, सगळं एकदमच आलंय. आई बरी आहे, गुडघे सोडून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला. तुमची कंपनी पत्रिकांच्या सॉफ्टवेअरमधून वरची बटणांची पट्टी, तो टूलबार, काढायचं म्हणतेय. त्याजागी नुसता एक चौकोन. हव्या त्या कामाचं नाव टाइप करायचं आणि एंटर मारायचं. तू चाचणीची आवृत्ती पाठवलीस आणि लिहिलंस, 'बाबांना विचार, त्यांचं मत मी मीटिंगमध्ये सांगीन.'

माझं विचारशील तर मला तो चौकोन फार आवडला. दोन अक्षरं टाइप केली की काम होतं. चित्रांच्या त्या गर्दीत शोधत बसायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

बाबांना मात्र नाही जमला. त्या रिकाम्या चौकोनापुढे ते नुसते बसून राहिले. कोहमाऱ्याचे ढाबेवाले कवडूभाऊ मुलीची पत्रिका करायला आले होते. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. "काऊन जी लखनभाऊ, बंद पडून राहिलं का?" बाबांनी उठून कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि घरी निघून गेले.

तू म्हणशील, शिकतील हळूहळू. नाही शिकणार, उमेंद्र. किती आडून आडून लिहू? फोनवर सांगायला गेले असते तर रडले असते, म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर बाबांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण शब्द गेले. समजतं सगळं, नाव तेवढं ओठावर येत नाही, लिहिताही येत नाही. तुला कळवायला मी फोन उचलला तर आईने हातातून काढून घेतला. "काऊन सांगतेस त्याले? सून पोटुशी हाय. बाळंतपण होऊ दे." म्हणून दर वेळी 'बाबा दुकानात आहेत' म्हणत राहिलो आणि तू समजलास, दिवाळीतल्या भांडणाचा राग धरलाय. 'दुकान विकून टाका' हे तुझं बोलणं त्यांना लागलं होतं, खोटं कशाला बोलू? पण फोनवर न येण्याचं कारण ते नाही.

टूलबारवर ते अजून काम करतात. चित्र दिसलं की ओळखतात: अक्षर जाड करायचं, ओळ मधोमध आणायची, रंग भरायचा. दुसऱ्या दिवशी मी जुनी आवृत्ती परत घातली आणि कवडूभाऊंची पत्रिका त्यांनीच मांडली. मजकूर तेवढा मी टाइप केला. त्या दिवशी पोटभर जेवले. तेव्हा मीटिंगमध्ये सांग, चौकोन ठेवा, आमच्यासारख्यांना हवाच आहे. पण पट्टी काढू नका.

मागच्या आठवड्यात आईने मोबाइलवर त्यांना बाळाला घेतलेला तुझा फोटो दाखवला. "कोन होय हा? सांगा ना." ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कागद." चुकलं हे त्यांना लगेच कळलं. तोंड फिरवून घेतलं. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

व्हिडिओ कॉल करू नकोस. समोरचा आपल्या बोलण्याची वाट बघतोय हे दिसलं की ते फोन पालथा ठेवतात. तू ये. शेजारी नुसता बस, काही विचारू नकोस.

फोटो दाखवला त्याच संध्याकाळी, तुला न विचारता, मी त्यांना सांगून टाकलं की तू येणार आहेस. तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करतात.

तुझी,
रविताताई