पाखरं हाकललेलं वावर

बुधवार, २१ जानेवारी. अकोला.

जेवण गेलंच नाही. कानात अजून ती गोफण फिरतेय.

विमानतळाची धावपट्टी वाढवायची आहे, म्हणून कडेच्या वावरांत पाखरं किती उतरतात ते मोजून अहवालात लिहायचं, एवढंच माझं काम. ज्वारी हुरड्यात आलेली, थवेच्या थवे दिसायला हवेत. दुर्बीण लावली तर आभाळ रिकामं, आणि मचाणावर नामदेवकाका गोफण फिरवताहेत. त्यांचंच वावर धावपट्टीत जाणार आहे.

खाली उतरून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मॅडम, सकायपासून एक पाखरू टेकू देल्लं नाही. इमानाले पाखरं चालत नाही म्हंतात. माह्या ज्वारीपायी येतात असं तुमी लिवलं, तं वावर जाईपर्यंत तरी मले पेरू देतीन का?"

पाखरं भरपूर दिसली तरच धावपट्टी अडायची, त्यांचं वावर वाचायची थोडी आशा. आणि हा माणूस स्वतःचेच साक्षीदार हाकलून राहिला.

सांगायचं का त्यांना? सांगितलं तर मी मोजणारी उरत नाही, त्यांच्या बाजूची होते. गोफण चालू होती असा शेरा मारीन, पण शेरा वाचतो कोण? आकडा तेवढा वाचतात.

शेवटी एवढंच म्हटलं, "उद्या परत मोजते, काका."

त्यांचा चेहरा खुलला. "या न! उद्या मी आजच्यापेक्षा लवकर मचानावर चढतो."

आणि मी मान हलवली. हो म्हणून.