वाचून दाखवलं

प्रिय शेल्बी,

इथं नॉर्थ डकोटात मरणाची थंडी आहे. तेलविहिरीवर पाइप धरला की हातमोज्यातही बोटं लाकूड होतात. फोरमन म्हणतो, "काय रे केंटकीकर, आईची आठवण येते का?" ही माझी चौथी नोकरी. हीसुद्धा टिकेल असं वाटत नाही. पण पत्र त्यासाठी नाही.

गेल्या महिन्यात तू फोनवर सांगितलंस, वकिलानं परत पाठवलं. नशा सुटावी म्हणून जिभेखाली ठेवायच्या औषधाच्या पट्टीनं दात गेले हे तुला दीड वर्षापूर्वीच सांगितल्याची नोंद दातांच्या शिबिरात आहे, आणि आपल्या राज्यात कळल्यापासून एका वर्षात कंपनीवर दावा लावावा लागतो. तू म्हणालीस, "गुंगीत असेन रे, विसरले असेन मी." मी म्हणालो, "असशील."

माझ्यासोबत कामाला एम्स नावाचा माणूस आहे, त्याला विचारलं. तो मॉन्टानाचा. म्हणाला, "आमच्याकडे तीन वर्षं मिळतात. तुमच्याकडच्या लोकांनी दात पाडायला आमच्याकडे यायचं ना." सगळे हसले, मीही हसलो.

ते शिबिर आठवतं? हायस्कूलच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली खुर्च्या मांडलेल्या. आपण गाडीतच झोपून रांग धरली, तुझा नंबर दोनशे बारा. एका बैठकीत सतरा दात काढले. तोंडभर कापूस घेऊन तू गाडीत बसलीस आणि आरशाकडे पाठ केलीस. एकतिसाव्या वर्षी.

तू खुर्चीत पडली होतीस तेव्हा पांढऱ्या वेणीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ती पट्टी आंबट असते बाळा, तिनंच दात खाल्ले. बहीण शुद्धीवर आली की हे वाचून दाखव." चिठ्ठी दिली. शिबिराच्या कागदावर 'रुग्णाला वाचून दाखवलं' असं छापलेल्या ओळीखाली सही मागितली. मी केली. ज्याला तू तुझ्या लेकीच्या, जोसीच्या, चित्रांच्या पुस्तकावरून अक्षरं शिकवलीस, त्याची ती सही.

चिठ्ठी मी तुला दाखवली नाही. बाथरूमच्या फरशीवर तू निळी पडलेली होतीस, ते मी पाहिलंय. त्या पट्टीमुळे चौदा महिने तू सुईला शिवली नव्हतीस. दातांचं कळलं तर पट्टी सोडशील, आणि मग पुन्हा तीच फरशी. म्हणून चिठ्ठी बुटात घातली आणि महिन्याभरात इकडं पळून आलो. नोकरी मिळाली म्हणून गेलो असं आईला सांगितलं होतं, ते खोटं. तुझ्या तोंडाकडे बघवेना.

तुला हे पहिल्यांदा कळलं ते चर्चमधल्या अर्लीनकडून, गेल्या मार्चच्या नऊ तारखेला. त्याच दिवशी तू मला फोन केला होतास, फोनमध्ये तारीख अजून आहे. म्हणजे वर्ष संपायला एकोणीस दिवस आहेत. बँकेतल्या शिक्केवाल्या नोटरीबाईसमोर मी लिहून दिलंय, की कळलं होतं मला, तिला नाही. वाचून न दाखवता खोटी सही केली. तो कागद आणि ती चिठ्ठी सोबत आहेत. कोर्ट मानेल का, ठाऊक नाही. माझ्यावर काय येईल तेही नाही. हे पत्रसुद्धा वकिलाला दे, लाजू नकोस. मला शिव्या दे, फोन उचलू नकोस, काहीही कर. फक्त पट्टी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नकोस. आणि या वेळी कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच.

तुझाच, तू वाचायला शिकवलेला,
लॉनी